प्रामाणिक चार, लबाड एक

हॅम रेडिओच्या स्पर्धेत सगळ्यांना एकच शेरा मिळतो: ५९९. पाच म्हणजे तुमचं म्हणणं स्वच्छ कळतंय, पहिला नऊ म्हणजे सिग्नल दणदणीत, दुसरा नऊ म्हणजे सूर शुद्ध. हा शेरा देऊन झाला की पुढच्याच ओळीत विचारणा येते, 'नंबर पुन्हा सांगा'. 'जेवूनच जा हं' असा आग्रह करत चपला पुढे सरकवणाऱ्या यजमानासारखाच हा प्रकार. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. ५९९कडे मुळात कुणी बघतच नाही.

खरा व्यवहार असतो त्यापुढच्या आकड्याचा. फेब्रुवारीतल्या सीक्यू डब्ल्यूपीएक्स स्पर्धेत प्रत्येक संपर्काला चढता अनुक्रमांक द्यायचा. सप्टेंबरअखेरच्या सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये आपल्या झोनचा क्रमांक. जगाचे असे ४० झोन पाडलेत आणि भारताची मुख्य भूमी येते २२मध्ये. ग्रीनिचला शुक्रवारची मध्यरात्र उलटली की सुरुवात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला. तिथून दोन दिवस पडद्यावर अक्षरं धावत असतात आणि स्पीकरमधून दोन सुरांची अखंड किरकिर चालू असते. घरातली माणसं पहिल्या तासातच दार लावून घेतात.

ही किरकिर म्हणजे आरटीटीवाय, हॅम मंडळींच्या तोंडी 'रिटी'. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पूर्वी टेलिप्रिंटर खडखडायचे, त्यांचीच ही हवेतून चालणारी भावंडं. प्रत्येक अक्षराला पाच बिटं आणि एका बिटाला २२ मिलिसेकंद. पाच बिटांतून ३२च खुणा होतात, आणि त्यांत सव्वीस अक्षरं, दहा आकडे आणि विरामचिन्हं बसवायची. म्हणून एकाच खुणेला दोन अर्थ दिले. आधी 'आता आकडे' अशी खूण पाठवायची, मग आकडे. पुन्हा 'आता अक्षरं', मग अक्षरं. या दोन खुणांत फरक फक्त मधल्या बिटाचा. तेवढ्यात कुठे वीज कडाडली, किंवा सिग्नल क्षणभर खाली बसला, की 'आता आकडे' हे सांगणं हवेतच विरतं आणि मागून येणारे आकडे अक्षरांचे कपडे घालून दाखल होतात.

मग ५९९चं 'टीओओ' होतं. ००१चं 'पीपीक्यू'. आपल्या २२चं 'डब्ल्यूडब्ल्यू'. नवख्याला वाटतं, यंत्र बिघडलं. मुरलेला माणूस कीबोर्डकडे बघतो. अक्षरांची सगळ्यात वरची ओळ क्यूपासून पीपर्यंत, तिच्या डोक्यावर १ ते ०. टीच्या वर ५, ओच्या वर ९. सवय झाली की बघावंही लागत नाही. 'क्यूआर' दिसलं की मन परस्पर १४ म्हणतं आणि जर्मनीचा माणूस लॉगमध्ये जाऊन बसतो.

यावर उपाय म्हणून एक सोय आली: मोकळी जागा दिसली की घेणाऱ्याचं यंत्र आपणहून अक्षरांवर परततं. हेतू चांगला, पण मोकळ्या जागेनंतर पाठवणाऱ्यानं 'आता आकडे' पुन्हा सांगितलं नाही, की पुढचा क्रमांक अक्षरांत! म्हणून काही जण जागा न सोडता मध्ये आडवी रेघ टाकतात. गंमत अशी की ती रेघ ए या अक्षराच्या खुणेवर बसलेली. पहिलीच खूण हुकली तर ५९९-१२३चं 'टीओओएक्यूडब्ल्यूई' होतं. मोकळी जागा बरी की रेघ, यावर हॅम मंडळींचे दोन पंथ आहेत आणि दोन्हींकडे पुरावे आहेत.

पण अक्षरांचा हा गोंधळ निरुपद्रवी असतो. तो आपण गोंधळ असल्याचं कबूल करतो. भीती वाटावी ती नीटनेटक्या आकड्याची. मूळ खुणा बोदोच्या, पण १९०१च्या सुमारास डोनाल्ड मरेनं त्यांची नवी मांडणी केली. यंत्र कमी झिजावं म्हणून वारंवार लागणाऱ्या अक्षरांना त्यानं कागदी पट्टीवर कमीत कमी छिद्रं दिली. ईला एक, टीला एक, आणि क्वचित लागणाऱ्या क्यूला तब्बल चार. आकड्यांचा विचार अक्षरांच्या सोयीनं झाला. क्यूच्या घरात राहणारा १ बिचारा चार छिद्रांचा धनी झाला, आणि तिथेच त्याचा शेजार बिघडला. त्याचं एक बिट उलटलं की तो ० होतो, नाहीतर २, ६ किंवा ७. पाचवी शक्यता याहून वाईट: तो 'आता अक्षरं' ही खूण बनतो, स्वतः गायब होतो आणि मागच्यांचा वेश बदलून जातो. म्हणजे १४ पाठवलं तर नुसतं 'आर' उरतं.

याउलट ३ आणि ४. यांचं कुठलंही एक बिट बिघडवा, दुसरा आकडा काही केल्या होत नाही. ४ मोडला तर विसर्गासारखी दोन टिंबं उमटतात, नाहीतर ओळच तुटते. मोडलो, हे तो चारचौघांत सांगतो. ५ आणि ९ मात्र एका बिटावर एकमेकांची जागा घेतात आणि दोघांच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही.

स्पर्धेनंतर सगळ्यांच्या वह्या संगणक ताडून बघतो. चुकीचा क्रमांक उतरवला असेल तर त्या संपर्काचे गुण गेले. त्यामुळे हुशार मंडळी क्रमांक दोनदा पाठवतात. दोन्ही वेळा १७१ आला तर ठीक. एकदा १७१ आणि एकदा १७७ आला तर त्याच्याच मागच्या संपर्काचा क्रमांक आठवायचा. पाच मिनिटांपूर्वी तो १६८ देत होता, म्हणजे १७१ असणार. पण 'असणार'वर वही लिहू नये.

चारचौघांत अडखळणाऱ्या माणसाला आपण तीनदा विचारतो, अस्खलित बोलणाऱ्याला एकदाही नाही. रिटीनं माझी ही खोड निदान हेडफोन घातलेला असेपर्यंत तरी मोडली. पडद्यावर कचरा आला तर मी शांतपणे कीबोर्ड वाचतो. ३४ आलं तर लिहून मोकळा होतो. सुबक, देखणा ११७ आला की मात्र विचारतो, 'नंबर?' पलीकडे कुणी भला माणूस नक्कीच वैतागत असेल. पण मरेसाहेबांच्या ३२ खुणांत वैतागाला जागा नाही, त्यामुळे तो निमूटपणे आकडाच पाठवतो.