पंखा बंद ठेवा

भर मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला एखादा साठीचा गृहस्थ पंखा बंद करून, नुसत्या बनियनवर, घाम पुसत जमिनीवर मांडी ठोकून बसलेला दिसला, तर त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय अशी शंका घेऊ नये. तो तिकिटं वाळत घालतोय. टपालाची.

‘टपालाची’ हे सांगावंच लागतं. मागे आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना मी नुसतंच ‘तिकिटं जमवतो’ म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी ते पाकिटात जपून ठेवलेली एसटीची दोन तिकिटं घेऊन हजर. शिर्डीची होती. परत कशी करणार? ठेवून घेतली. मराठीत या तिकीट शब्दाला फारच राबवलंय. नाटकाला तेच, लोकलला तेच, विधानसभेलाही तेच. आणि विधानसभेचं मिळवणारे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त घाम गाळतात.

हा उद्योग निवृत्तीनंतरचा. नोकरीचे शेवटचे सहा महिने उरले की लोक ‘मुलीचं कुठे जमलं का?’च्या चालीवर ‘छंद काय ठरवलाय?’ असं विचारू लागतात. छंद ठरवायचा असतो हे मला नवीन होतं. डॉक्टरांनी तर रक्तदाबाच्या गोळीखाली चिठ्ठीवर लिहूनच दिलं : छंद. जेवणाआधी की जेवणानंतर, ते लिहिलं नव्हतं. छंदाने मन ताजं राहतं, झोप लागते, स्मरणशक्ती टिकते, असं सगळेच सांगतात. झोपेचं खरं आहे. भिंग डोळ्याला लावून बसलं की दहा मिनिटांत लागते. स्मरणशक्तीचं म्हणाल तर चष्मा कुठे ठेवलाय ते आजही हिलाच विचारतो. पण हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार म्हणजे हंगेरी आणि सुओमी म्हणजे फिनलंड, हे मला झोपेतून उठवून विचारा. शाळेच्या भूगोलात शिकलेली नावं तिकिटांवर चालत नाहीत. ब्रिटन तर नाव छापतच नाही. टपाल तिकीट पहिल्यांदा त्यांनीच काढलं, १८४० साली. तेव्हा दुसऱ्या कुणाचं नव्हतंच, मग नाव कशाला? राणीचं डोकं छापलं की झालं. ती ऐट अजून चालू आहे. गावातल्या मोठ्या वाड्याला पाटी नसते, तसंच.

पण मला या नादाला लावलं ते या भूगोलाने नव्हे, एका चुकीने.

चौतीस वर्षं मी बँकेत काढली. कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना ‘टॅली होत नाही’ या तीन शब्दांची दहशत ठाऊक असेल. सत्तावीस रुपयांचा फरक असला तरी सगळी शाखा बसून राहायची. आमचे हेडकॅशिअर फरकाला आधी नवाने भागून बघत. भाग गेला की म्हणत, “कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत.” मग लेजर उपसायची. रात्री साडेनऊला कुठल्याशा पानावर ५८चे ८५ झालेले सापडायचे आणि ज्याच्या अक्षरात सापडायचे, तो पुढचे आठ दिवस खाली मान घालून डबा खायचा. मीही खाल्लाय.

असा मी, निवृत्तीनंतर एका प्रदर्शनात उभा राहून पाटी वाचतो, की १८५४ साली कलकत्त्याला चार आण्यांचं एक तिकीट छापलं. दोन रंगांचं. आधी लाल चौकट छापायची, मग तोच कागद पुन्हा यंत्रात घालून निळी व्हिक्टोरिया राणी. कुणीतरी कागद उलटा घातला. राणी खाली डोकं वर पाय. पाय दिसत नाहीत हा भाग वेगळा. सरळ राणीची तिकिटं शेलक्या संग्रहांतून मिळतात, उलट्या राणीची जगात मोजकीच आहेत आणि ती लिलावात जातात. म्हणजे आम्ही रात्री साडेनऊपर्यंत जे शोधून लाल शाईने खोडत होतो, त्याच चुकीला इथे काचेखाली ठेवून वर दिवा लावतात! मी घरी आलो आणि हिला म्हणालो, “अगं, उलट्याला किंमत असते.” ती म्हणाली, “पोळी उलटायचीय, सरका.”

पुढे कळलं ते आणखी जिव्हारी लागणारं होतं. १८५६मध्ये ब्रिटिश गियानात इंग्लंडहून येणारी तिकिटं वेळेवर पोचली नाहीत, म्हणून पोस्टमास्तरांनी तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यातून कामचलाऊ तिकिटं छापून घेतली. नक्कल होऊ नये म्हणून पोस्टातल्या कारकुनांनी त्यांवर आद्याक्षरं मारायची, असं ठरलं. त्यातलं एक सेंटचं, किरमिजी रंगाचं एकच तिकीट जगात उरलं. १८७३ साली ते बारा वर्षांच्या एका मुलाला सापडलं आणि त्याने ते सहा शिलिंगला विकून टाकलं. २०१४मध्ये लिलावात त्याचे जवळजवळ ९५ लाख डॉलर आले. आणि त्यावर त्या कारकुनाची आद्याक्षरं अजून आहेत. मीसुद्धा चौतीस वर्षं रोज दोनशे व्हाउचरांवर आद्याक्षरं मारली. ती नियमाप्रमाणे मुदत भरल्यावर नष्ट करण्यात आली.

ही गोष्ट ऐकली की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला : “तुमच्याकडची विकली तर किती येतील?” मी हिशेब केलाय. अल्बमच्या पुठ्ठ्यांसकट, रद्दीच्या भावाने, एक वेळचा चहा.

राहतो मी नाशिकरोडला. देशाची तिकिटं वर्षानुवर्षं छापत आलेला सरकारी छापखाना माझ्या घरापासून पायी अर्ध्या तासावर. पण तिथे जाऊन ‘एक द्या’ म्हणता येत नाही. तिकीट तिथून निघणार, कुठल्याशा गावच्या पोस्टात जाणार, पाकिटावर चिकटणार, अंगावर शिक्का घेणार आणि मग माझ्याकडे परत येणार. सासरी गेलेली लेक माहेरपणाला यावी तसं. गांधीजींची पहिली तिकिटं मात्र इथली नव्हेत. १५ ऑगस्ट १९४८ला निघालेल्या त्या चार तिकिटांवर देवनागरीत आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलंय, आणि ती छापून आणली स्वित्झर्लंडहून. जन्मभर स्वदेशी सांगणाऱ्या माणसाचं तिकीट विलायती! नाशिकरोडच्या माणसाला हे जरा लागतंच.

तिकीट पाकिटावरून सोडवायचं एक तंत्र आहे. कोमट पाणी पसरट ताटात घ्यायचं, कागदाचे तुकडे त्यात सोडायचे आणि वाट बघायची. पंधरा-वीस मिनिटांनी डिंक सुटतो आणि तिकीट आपणहून घसरतं. ओढायचं नाही. नखाने तर नाहीच. मग चिमट्याने अलगद उचलून जुन्या वर्तमानपत्रावर पालथं घालायचं आणि वाळत आलं की जाड पुस्तकात दाबायचं. यात दोन शत्रू. एक, रंगीत पाकीट. लग्नपत्रिकेचं लाल पाकीट मी एकदा सगळ्यांबरोबर भिजवलं, तेव्हापासून माझ्याकडचे निम्मे पक्षी गुलाबी आहेत. दुसरा शत्रू छताला टांगलेला. एकदा हिने बाजारातून येऊन ‘काय हे उकडतंय’ म्हणत बटण दाबलं. दीडशे तिकिटं उडाली. चार आजही फ्रिजखाली आहेत. फ्रिज सरकवायला दिवाळीची वाट बघतोय.

आता पाकिटांवर तिकिटं येतात कुठे? बारकोडाच्या चिठ्ठ्या येतात. म्हणून जर्मनीतल्या भाच्याने “मामा, काय पाठवू?” असं विचारलं तेव्हा मी चॉकलेट सोडून पत्र मागितलं. पहिल्या पाकिटावर पोस्टातली छापील पट्टी, आत कोरा कागद. मी फोनवर म्हटलं, “अरे, तिकीट लावून घे.” दुसऱ्या खेपेला तिकीट होतं, आत पुन्हा कोरा कागद. तिसऱ्यात मात्र कोपऱ्यात बॉलपेनने दोन ओळी : ‘मामा, इथे साडेचारला अंधार पडतो. आईला सांगू नकोस, पण कंटाळा येतो.’ फोनवर हा पोरगा दर रविवारी ‘मस्त चाललंय’ म्हणतो. तिकीट साधं होतं, एका फुलाचं, आणि तसलं माझ्याकडे आधीच एक होतं. तरी ते पाकीट मी भिजवलं नाही. तसंच ठेवलंय. त्याच्या आईला सांगितलं नाही. पण आता दर महिन्याला मी त्याला पत्र लिहितो आणि पाकिटावर नाशिकरोडची चार तिकिटं डकवतो, लागतात त्यापेक्षा जास्तच. तोही लिहितो. परवाचं पत्र पानभर होतं.

तर नाशिकरोडला कधी आलात तर अवश्य या. चहा होईल, उलट्या राणीचा फोटो दाखवीन, मास्तरांची शिर्डीही दाखवीन. येताना घरातली जुनी पाकिटं आणा. तिकीट ओरबाडू नका, भोवती बोटभर कागद ठेवून कापा. आणि दुपारी दोन ते चारमध्ये आलात, तर दारातल्या बटणांना कृपा करून हात लावू नका.