चटणी मागण्याची रीत

वडापाव कसा खावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. चटणी मात्र कशीही मागून चालत नाही. गाडीवाल्याने पाव उचलला, चिरला आणि त्याचा हात हिरव्या चटणीच्या डब्याकडे वळला, एवढ्या अवधीत गिऱ्हाइकाने आपलं मत मांडायचं असतं. त्यानंतरचं मत ग्राह्य धरलं जात नाही. 'तिखट का गोड?' या प्रश्नावर 'तिखट म्हणजे किती?' असं विचारणारा इसम मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या मनातून एकदम उतरतो.

उत्तरं मोजकीच आहेत : तिखट, गोड, मिक्स आणि 'सुकी जास्त'. 'मिडियम' म्हणू नये. मिडियम मागणाऱ्यालाही तो तिखटच देतो, फक्त मान डोलावून देतो.

क्रम आधी ओली, मग सुकी. यात तडजोड नाही. पावाला हिरवी चटणी फासलेली असली की सुकी तिला धरून बसते. कोरड्या पावावर भुरभुरलेली सुकी चटणी पहिल्या घासालाच निम्मी शर्टावर येते आणि मग ऑफिसात तुमच्याआधी तुमचा लसूण पोचतो. या चटणीत असतं काय, तर लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. पण बऱ्याच गाड्यांवर त्यात तळणीतला चुराही मिसळतात, आणि खरी गोम तिथेच आहे. घरची चटणी 'तशी' लागत नाही म्हणून घरच्यांना बोल लावू नये. शंभर वड्यांचा चुरा त्यांनी आणायचा कुठून?

नुसता चुरा हवा असेल तर आवाज मऊ करावा. प्रभादेवीला कीर्ती कॉलेजजवळच्या वडापावची ख्यातीच चुऱ्यावर आहे. इतरत्र मात्र चुरा ही मेहेरबानी असते, हक्क नव्हे. हक्काच्या म्हणाल तर तळून मीठ लावलेल्या दोन मिरच्या. तिसरी उचलताना गाडीवाल्याच्या नजरेला नजर देऊ नये. मिरची झोंबल्यास पाण्याकडे धावू नये, पाण्याने तिखट तोंडभर पसरतं. उरलेला पाव चावत, काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने रहदारीकडे पाहावं.

आता शेजवान, चीज आणि मेयोनेझ. यांच्यावर तुटून पडण्यापूर्वी आपला सातबारा तपासावा. पाव, बटाटा आणि मिरची ही तिन्ही मंडळी पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. वडा पावात घालण्याचं श्रेय सहसा दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिलं जातं, आणि तेही १९६६ सालचं. तेव्हा परंपरेच्या नावाने गळा काढू नये. मेयोनेझला विरोध करायचा तो चवीवर करावा : गरम वड्याच्या वाफेने ते पातळ होतं, कोपरापर्यंत ओघळतं आणि लसणाचा सगळा ठसका मारून टाकतं. शेजवानला माझा फारसा विरोध नाही, तिच्यातही लसूण आहे. केचप दुधाचे दात पडेपर्यंत माफ. पुढे मागितल्यास घरच्यांनी थोडं लांब उभं राहावं.

पार्सल नेताना 'ओली चटणी वेगळी' हे न विसरता सांगावं, नाहीतर घरी पोचेपर्यंत पावाचा लगदा होतो. सुकीची पुडी एक आणि खाणारे पाच, हा प्रसंग घरोघरी येतो. पुडी सोडणाऱ्याने स्वतःच्या पावात शेवटी घालावी. हा नियम कोणी पाळल्याचं पाहण्यात नाही, तरी तो आहे.

'चटणी नको' म्हणायची वेळ आलीच तर लगोलग कारण जोडावं. ॲसिडिटी चालते, डॉक्टर चालतात. 'आवडत नाही' असं सांगू नये. गाडीवाला वडापाव देईल, पण मिरची देणार नाही.