चार खिशांचा वसंत

आमच्या मोशीच्या सोसायटीत तिचं नाव कुणालाच माहीत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती 'आरव मम्मी बी-७०४', वॉचमनच्या वहीत 'सातशेचार मॅडम' आणि शाळेच्या व्हॅनवाल्या काकांसाठी 'ओ ताई, आटपा'. आरव नावाची मुलं आमच्याकडे सहा आहेत. एका आरवच्या मम्मीला पाहिलं की उरलेल्या पाचजणींना पाहिल्यासारखंच, म्हणून एकीवरच भागवतो.

मी एका कंपनीच्या क्वालिटी विभागात ३१ वर्षं काढली. रिटायर झालो तरी खोड जात नाही. सकाळी सातला गेटजवळच्या बाकावर बसून, लाइनवरून सुटणारा माल तपासावा तशी घरातून सुटणारी माणसं तपासतो. "बायकांचे कपडे काय बघत बसता?" असं आमच्या हिनं एकदा फटकारलं. म्हटलं, कपडे नाही गं, प्रोसेस बघतो. तिला ते पटलेलं नाही.

पंचांगात वसंत चैत्रात लागतो. आमच्याकडे तो तुकारामबीजेच्या सुमारास येतो आणि दिवसाला जेमतेम दोन तास टिकतो, आठ ते दहा. त्याआधी इंद्रायणीवरून येणारा गारवा, नंतर हायवेवरचं रणरणतं ऊन. म्हणजे एकाच दिवसात स्वेटर, सुती कुर्ता आणि टोपी या तिन्हींची सोय करायची, तीही तीन माणसांसाठी आणि एका स्कूटरवर.

तिच्या नवऱ्याचं बरं आहे. तो चाकणला फर्स्ट शिफ्टला जातो. राखाडी शर्ट, सेफ्टी शूज, पेनासाठी वेगळी खाच. आज काय घालू, हा प्रश्न त्याच्या आयुष्यातून कंपनीनं कायमचा काढून टाकलाय. ही मात्र तिन्ही शिफ्ट करते आणि युनिफॉर्म एकाही शिफ्टचा नाही.

पहिल्या शिफ्टला गाऊन आणि वर ओढणी. या ओढणीला आपण मानतो! गाऊन घरातला, ओढणी बाहेरची. दोन्ही मिळून गेटपर्यंत जाण्याचा परवाना. व्हॅन गेटच्या दहा पावलं पुढे थांबली की परवाना संपतो. मग ती आतूनच टाटा करते आणि आरवचा राहिलेला डबा वॉचमन धावत नेऊन देतो.

नऊ वाजता ती पुन्हा खाली उतरते ती ओळखूच येत नाही. धाकटीला पाळणाघरात सोडून भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या अकाउंट्सला जायचं असतं. गेल्या वर्षी या वेळेसाठी तिनं ऑनलाइन एक पिस्ता रंगाचा मलमलचा कुर्ता मागवला होता. फोटोतली बाई फुललेल्या झाडाखाली उभी होती आणि तिच्या आसपास दूरपर्यंत एकही मूल नव्हतं. इथे पहिल्याच दिवशी धाकटीनं त्यावर वरणभाताचे पाच बोटांचे ठसे उमटवले. हिनं घाईनं साबण लावला, तर पिवळ्याचे लाल झाले. "काका, रंग गेला हो!" म्हटलं, रंग नाही गेला, ती हळद आहे. साबणाचा क्षार लागला की लाल होते. नीट धू आणि कडक उन्हात टाक, ऊन हळद खातं. दोन दिवसांत डाग फिका झाला, पण ठसे कुठे होते ते तिला अजून दाखवता येतं.

त्यानंतर तिनं जे केलं त्याला आमच्या भाषेत काइझन म्हणतात. रोज थोडी थोडी सुधारणा. पिस्ता, मोतिया, बेबी पिंक बाद. आता कलमकारी आणि अजरख. त्या विटकरी-काळ्या नक्षीत वरण, चॉकलेट आणि स्केचपेन आपसूक मुरतात. कानातले डूल धाकटीनं एकदा ओढले, तेव्हापासून टॉप्स. चपलेला मागून पट्टा, कारण मुलामागे धावावं लागतं. सर्वात उत्तम म्हणजे पुढून-मागून एकसारख्या गळ्याचा कुर्ता, अंधारात घातला तरी उलटा होत नाही. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनं अशा रचनेला पोका-योके म्हटलं: चूक करायला जागाच ठेवायची नाही. आम्हाला त्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, जेवणासकट. हिला धाकटीनं शिकवलं.

आणि लिपस्टिक. ती स्कूटरच्या आरशात लावायची, लगेच त्यावर स्कार्फ गच्च गुंडाळायचा, वर सनकोट, हातमोजे, गॉगल. भोसरीपर्यंत ती लिपस्टिक कुणाला दिसणार? मी विचारलंही. "मला माहीत असतं ना, काका."

सगळं अडलं होतं खिशापाशी. तिच्या हातात एका वेळी काय काय असतं ते मी मोजलंय: स्कूटरची किल्ली, घराची किल्ली, मोबाइल, एक मोजा, रबरबँड, अर्धं पारले-जी, बाहुलीचा पाय, दहाची नोट. बॅग असते, पण ती पाठीवर आणि बॅगेवर मूल. पिंपरी कॅम्पात ती दुकानं पालथी घालून आली. "दीदी, लेडीजला खिसा येत नाही," हे उत्तर. शिंपी म्हणाला, खिशानं कुर्त्याचा फॉल बिघडतो. नवऱ्याच्या पँटचा फॉल चार खिशांनी कसा बिघडत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. शेवटी लावून दिला तो खिसा एवढासा, त्यात जेमतेम तुळशीचं पान मावावं. सनकोटालाही एकच, मोबाइल गेला की किल्लीनं दातांत राहायचं. मी तिला किल्ली दातांत धरून "गुड मॉर्निंग काका" म्हणताना ऐकलंय.

पाडव्याच्या आधी एक दिवस तिनं बेल वाजवली. "काका, तुमचे कंपनीचे जुने शर्ट आहेत का? यांचे मागितले, तर म्हणाले कंपनी परत मागते." माझे दोन शर्ट ट्रंकेत डांबरगोळ्यांत होते. निळे, जाड सुती, पूर्ण बाह्या, वर दोन झाकणाचे खिसे, खाली दोन मोठे. आमची ही म्हणाली, द्या, नाहीतरी रोज बघून उसासे टाकता. एक दिला.

आठवडाभरानं तो मला गेटवर दिसला. कंपनीच्या लोगोवर खणाच्या कापडाचं फूल शिवलेलं, बाह्या दोनदा दुमडलेल्या, आत अजरखचा कुर्ता. सनकोट म्हणून तो माझ्यापेक्षा तिला जास्त शोभत होता. वरच्या खिशात मोबाइल आणि लिपस्टिक, खालच्या खिशात धाकटीची टोपी, पेनाच्या खाचेत रंगीत खडू. दोन्ही हात मोकळे. एका हातानं तिनं मुलीला उचललं आणि दुसऱ्यानं मला टाटा केला. ३१ वर्षांत त्या शर्टाच्या खालच्या खिशांत मी काहीही ठेवलं नव्हतं.

दुसरा शर्ट अजून ट्रंकेत आहे. उरलेल्या पाच आरवांच्या मम्म्यांपैकी कुणाला हवा असल्यास बी-७०२ ची बेल वाजवावी, दुपारी दोन ते चार सोडून. खांद्यात थोडा सैल आहे, पण खिसे चार आहेत.