वहिनींच्या घराला थीम आलीये

ऐकलंत का? आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी इंटिरियर डिझायनर लावली. पोळ्यांना बाई लावावी तशी! फी एकूण कामाच्या 10 टक्के, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे आपल्याच घरात सोफा कुठे ठेवू हे परक्याला विचारायचं आणि विचारल्याचा करही भरायचा.

कोथरूडमध्ये पूर्वी घर सजवणं म्हणजे काय होतं? सुताराला बोलवायचं, शेजाऱ्यांची शोकेस दाखवायची आणि म्हणायचं, 'अश्शीच, पण दोन इंच मोठी.' संपलं. आता आधी मूडबोर्ड, मग थ्रीडी. वहिनींच्या हॉलच्या थ्रीडीत खिडकीपाशी एक उंच, गोरी बाई पुस्तक वाचत बसलेली. भाऊजी चष्मा पुसून पुसून बघत होते. 'खोली किती मोठी दिसते नाही?' म्हणाले. खोलीच बघत होते, असं आपण धरून चालू.

थीम म्हणे 'जपांडी'. अर्धं जपान, अर्धं स्कँडिनेव्हिया. या घरातलं लांबात लांब कुणी गेलं असेल तर अष्टविनायकाला! भिंती ताकाच्या रंगाच्या, पडदे ताकाच्या रंगाचे, आणि सासूबाईंच्या लाल-हिरव्या गोधड्यांचा गठ्ठा हायड्रॉलिक बेडच्या पोटात.

हँडल तर एकाही दाराला नाही. परवा सत्यनारायणाला आलेले काका हात धुवायला उठले आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पॅनेलला जागोजागी दाबत फिरले. बाथरूमचं दार त्यातच लपवलेलं. पहिल्या ठिकाणी व्हॅक्यूम क्लीनर निघाला, दुसऱ्या ठिकाणी इस्त्रीचं टेबल. बाथरूम सापडेतो इकडे आरती झालीसुद्धा.

आणि वहिनींची भाषा! पूर्वी गवार मोडता मोडता जावांविषयी बोलायच्या, आता प्लायविषयी बोलतात. 'ओट्याखाली मरीनच हवा हो, आयएस 710. बेडरूमला 303 चालतो.' माझ्याकडे येऊन माझं कपाट बोटानं टकटक वाजवून पाहिलं बाईंनी, आणि चेहरा असा केला, की दवाखान्यात भेटायला आल्यात.

डिझायनर म्हणजे पंचविशीची पोरगी. स्वतः डबा लावून जेवते. मी म्हटलं, जिला फोडणी ठाऊक नाही ती काय स्वयंपाकघर आखणार? तर पठ्ठीनं दाखलाच दिला. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ म्हणे 1926 सालच्या 'फ्रँकफर्ट किचन'मध्ये. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं, आगगाडीच्या डायनिंग कारमधली मुदपाकखोली डोळ्यांसमोर ठेवून. आणि तोवर बाईंनी स्वतः कधी स्वयंपाक केलेलाच नव्हता! हे त्यांनीच नंतर सांगितलंय. मी गप्प. असली खमंग बातमी जर्मनीतून यावी आणि मला शंभर वर्षांनी कळावी!

पण खरं प्रकरण पुढेच आहे. पहिल्याच भेटीत त्या पोरीनं विचारलं, 'घरात पोळ्या कोण करतं?' वहिनी म्हणाल्या, मीच. तिनं टेप काढली, वहिनींना हात कोपरात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजलं. वहिनींची उंची 4 फूट 10 इंच, ओटा होता 34 इंच. अठ्ठावीस वर्षं बाईंनी टाचा उचलून कणीक मळली. घरात दोन इंजिनियर आहेत, पण टेप कुणी काढली नव्हती. पोरीनं वहिनींपुरता ओटा 31 इंचांवर आणला. वहिनी तेव्हा म्हणे पदराआड डोळे पुसत होत्या. प्लायचा भुसा गेला, असं सांगतात.

भाऊजी सहा फुटी. आता कुरकुरतात, 'चहा करायचा तर मला वाकावं लागतं.' पण अठ्ठावीस वर्षांत त्यांनी चहा केला कधी?

तर बघायला जाल तेव्हा चपला दारात काढून ठेवू नका, थीम बिघडते. उजव्या हाताच्या भिंतीत शू-रॅक आहे. हँडल शोधू नका, खालच्या कडेत बोट घालून ओढा. लावताना ढकलू नका, आपोआप मिटतं.