चौथी ‘ब’चं मंत्रिमंडळ

चौथी ‘ब’मध्ये कुणाचं वजन किती, हे अख्ख्या वर्गाला तोंडपाठ असतं. ठाऊक नसतं ते फक्त बाईंना. डबा कुणाच्या घोळक्यात उघडायचा, कुणाची कट्टी सगळ्यांनी पाळायची, खो-खोत शेवटी उरलेल्याला कुणाच्या गळ्यात मारायचं, सगळं ठरलेलं. मॉनिटर फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहितो, तेव्हा तोंड न उघडलेलाही एखादा वर जातो. मॉनिटरची नेमणूक मात्र बाईंचीच!

हे मोजायची युक्ती जेकब मोरेनो यांनी १९३४ सालीच पुस्तकात मांडली. मुलांना विचारायचं, शेजारी कोण हवं? मग बाण काढायचे. ज्याच्याकडे सगळे बाण धावतात तो ‘तारा’, ज्याच्याकडे एकही फिरकत नाही तो ‘एकाकी’. आपले बी.एड.वाले हा समाजालेख स्केचपेनने, समास सोडून, झकास काढतात. सही होते, फाइल कपाटात जाते. एकाकी पोरगं होतं तिथेच.

त्यात आता ‘आरटीईवाले’ ही नवी पोटजात. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना दिल्या. आपल्या महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये, किलोमीटरभरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर सूट, अशी पळवाट काढली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती बुजवली. दार उघडं राहिलं. बाकावर कोण सरकून जागा देतंय?

‘संगत बिघडेल हो!’ पालक म्हणतात. या संगतीचा हिशेब अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतल्या खासगी शाळांत मांडला, निबंध २०१९चा. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, गरीब मुलांसोबत खेळायला जास्त राजी. गणितात फरक नाही. इंग्रजीत जराशी घसरण दिसली. तेवढ्यावरून पालकसभा बोलावाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. गंमत पुढेच आहे. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरावरून पडत. खरी किमया केली ती अशा गटात एकत्र बसण्याने.

तेव्हा बाई, हुशार पुढे आणि ‘ढ’ मागे, हे सोमवारपासून बंद करा. आद्याक्षराने बसवा, महिन्याला जागा बदला, मॉनिटर दर आठवड्याला नवा नेमा. पालक तक्रार घेऊन येतीलच. त्यांना मुख्याध्यापकांच्या केबिनची वाट दाखवा. मुख्याध्यापकांना पगार त्याचाच मिळतो.