सीलाकांथ घरी आहे का?

घरच्या व्हीपीएनचं नाव मी सीलाकांथ ठेवलं, तेव्हा बायको म्हणाली, "जिभेला झेपेल असं काहीतरी ठेवा." पण नाव चपखल होतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबर संपला म्हणून ज्याची फाइल बंद झाली होती, तो हा मासा डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनजवळ जाळ्यात आला. तिथल्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर हा दीड मीटरचा निळा ऐवज पोत्यात गुंडाळून निघाल्या, तर टॅक्सीवाला कुरकुरायला लागला. मासा ठेवून घ्यायला शवागारानेही हात वर केले. शेवटी मासा पेंढा भरायला दिला. मत्स्यतज्ज्ञ स्मिथसाहेब येऊन बघेपर्यंत फेब्रुवारी उजाडला आणि आतडी-कोथळा केव्हाच कचऱ्यात गेला होता.

माझा सीलाकांथ म्हणजे रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक आणि त्यावर वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रोग्राम. स्टेशनवरच्या फुकट वायफायवरून बँकेत डोकवायचं, तर फोनने आधी गुपचूप आपल्या घरी यायचं आणि घरच्या लायनीवरून पुढे जायचं. भाड्याचा व्हीपीएन घेतला की हीच सगळी ये-जा एका अनोळखी दुकानदाराच्या डोळ्यांखालून होते. ते मला नको होतं. म्हणून इंटरनेटवाल्याला जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी, म्हणजे घराचा न बदलणारा इंटरनेट-पत्तासुद्धा घेतला.

वायरगार्डची खुबी अशी की ओळखीची किल्ली नसलेल्याने कितीही दार बडवलं तरी आतून हूं की चूं होत नाही. बाहेरच्याला वाटावं, इथे कोणी राहतच नाही. दिवसभर खोल समुद्रातल्या कपारीत बसून राहणारा तो मासा आणि हा, एकाच गोत्रातले.

यातली गोम मला चिपळूणला एका लग्नात कळली. फोनवर व्हीपीएन लावला. पाठवले १४८ बाइट, मिळाले शून्य. पाच सेकंदांनी पुन्हा १४८. गप्प बसलेला आणि मेलेला लांबून अगदी सारखेच दिसतात! एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात फोन. आयपी पाहिला, पोर्ट पाहिलं, स्वतःच्या अकलेवरही संशय घेऊन झाला. पहिलं 'सावधान' होईपर्यंत पाठवलेल्या बाइटांनी हजाराचा आकडा ओलांडला होता, मिळालेले मात्र शून्य.

"काय चाललंय मघापासून?" बायकोने विचारलं. सांगितलं.

"टीव्हीखालचा तो डबा ना? निघताना तिथली सगळी बटणं बंद केली मी. दर वेळी करते."

पहिल्या माशानंतर स्मिथसाहेबांनी शंभर पौंडांचं बक्षीस लावून १४ वर्षं वाट पाहिली. दुसरा १९५२ मध्ये कोमोरोस बेटांवर मिळाला. तिथले कोळी त्याला गोम्बेसा म्हणून आधीपासून ओळखत होते. अधूनमधून गळाला लागायचा. तेलकट, खायला कामाचा नाही, एवढंच त्यांचं त्याच्याबद्दल मत होतं.