गुड मॉर्निंगची तिजोरी

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण संपली आणि १५ जीबीत न मावणाऱ्या मध्यमवर्गाला एकदम स्वावलंबन सुचलं. तेव्हापासून बऱ्याच घरांत राउटरशेजारी एक काळा डबा गुरगुरत असतो. त्याचं नाव नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरची साठवणपेटी. आत दोन डिस्क, प्रत्येकी ४ टीबी. पाहुण्यांना '८ टीबी' असं सांगायचं. रेड-१ नावाच्या मांडणीत दोन्हींवर तेच ते लिहिलं जातं, त्यामुळे जागा मिळते ४ टीबीच. हे मात्र पोह्यांबरोबर वाढायचं नसतं.

'आता डेटा सुरक्षित!' ही त्यापुढची गंमत. ही जोडी एक डिस्क मेली तर कामाची. चिरंजीवांनी लग्नाचा फोल्डर पुसला, की दोन्ही डिस्क तो एकाच क्षणी, अत्यंत आज्ञाधारकपणे पुसतात. ऑफिसात बसून घरचा सिनेमा दिसावा म्हणून राउटरचं पोर्ट सताड उघडणाऱ्यांचं तर कौतुकच करावं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडी पडलेली अशीच यंत्रं कुलूपबंद केली आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागितले.

बरं, तिजोरीत असतं काय? तीनदा कॉपी झालेलं बारसं, कधीच न पाहिलेले सिनेमे आणि गुड मॉर्निंगची कमळं.

तरी डबा घेतलाच असेल, तर पोर्ट बंद करा, पुसलेलं परत आणता यावं म्हणून स्नॅपशॉट चालू करा आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून भावाच्या घरी ठेवा. कमळं तेवढी वगळा. त्यांचा बॅकअप अख्ख्या देशाच्या फोनमध्ये आहे.